ओमुरझाकच्या दारचं निशाण

कोंगुर-बुलाकच्या शाळेत शार्शेनबेक पंचवीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवत होता, आणि त्यातली चोवीस वर्षं त्याने वर्गात एकाही वस्तूचा रंग स्वतःच्या तोंडाने सांगितला नव्हता.

हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. उलट त्याचं नाव झालं. दर वसंतात तो खिडकीवर जाड घोंगडं टांगायचा, घोंगड्याच्या फटीतून उन्हाची एक तिरीप आत घ्यायचा, ती काचेच्या लोलकावर झेलायचा आणि समोरच्या चुन्याच्या भिंतीवर रंगांचा पट्टा उमटला की दोन्ही हात पाठीमागे बांधून बाजूला व्हायचा. नायकाला उजेडात पुढे करून स्वतः पडद्याच्या कडेला उभा राहणारा जुना नट असतो ना, तसा.

"मी काही सांगणार नाही," तो म्हणायचा. "तुम्ही सांगा. लाल कुठे सुरू होतो? हिरवा कुठे संपतो? या पुढे, रेघा मारा."

मुलं भिंतीशी झोंबायची, भांडायची, रेघा पुसून पुन्हा मारायची. जिल्ह्याचा तपासनीस एकदा मागच्या बाकावर बसून हे बघून गेला आणि वहीत शेरा लिहून गेला की हा शिक्षक उत्तर देत नाही, विद्यार्थ्यांकडून काढून घेतो. इतर शाळांनी हे शिकावं. शार्शेनबेकने तो शेरा वाचला आणि वही मिटून ठेवली. शेरा खोटा नव्हता, म्हणूनच त्याला तो टोचला.

कारण खरी गोष्ट ही होती की त्याला लाल दिसतच नव्हता.

लाल खडू तो डाव्या खिशात ठेवी, हिरवा उजव्या. प्रयोगाच्या रंगीत काचा होत्या, त्यांच्या कडांना त्याने कानसेने खाचा पाडल्या होत्या. आमच्याकडे मेंढ्यांच्या कानांना पाडतात तशा, एका घराची एक खाच, दुसऱ्याच्या दोन. अंधारात चाचपडूनही मेंढी कुणाची ते कळावं, तसं त्याला लाल काच कुठली ते बोटांनी कळायचं. घरात बायको झूराकान त्याचे कपडे काढून ठेवायची. गावात आणखी एकाला माहीत होतं, तो म्हणजे ओमुरझाक.

दोघे एकाच वर्षी जन्मले, एकाच घोड्यावरून शाळेत गेले. अठराव्या वर्षी दोघे शहरात गेले ते सरोवरातल्या बोटींवर सुकाणू धरायला. इस्सिक-कुलवर तेव्हा धान्याच्या बोटी चालायच्या. बोटीच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा. समोरून येणारी बोट कुठे तोंड करून आहे ते त्यावरून ओळखायचं. डॉक्टरणीने ठिपक्याठिपक्यांचं एक पान पुढे धरलं. ओमुरझाक म्हणाला, "नऊ." शार्शेनबेकला ठिपके दिसले, नऊ दिसला नाही. डॉक्टरणीने पानं उलटली, मग चष्म्यावरून बघत रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पोरा, तू दोन बोटी एकमेकींवर आदळवशील. पुढचा!"

रांग हसली. ओमुरझाक हसला नाही. परतीच्या वाटेवर तो एवढंच म्हणाला, "शार्शे, हे तुझ्या-माझ्यात." आणि तीस वर्षं ते त्यांच्यातच राहिलं. लग्नात, बाजारात, कुरणात, कुठेही रंगाचा प्रश्न आला की ओमुरझाक सहज बोलल्यासारखं मोठ्याने म्हणायचा, "वा, काय तांबडं सफरचंद आहे!" आणि शार्शेनबेक ते सफरचंद उचलायचा.

पुढे राजधानीत शिकताना शार्शेनबेकला आपल्या डोळ्यांचं गणित उमगलं. उजेड लाटांसारखा चालतो. सरोवरात धोंडा टाकला की वर्तुळं उठतात. त्यावर बूच टाका, ते जागच्या जागी वर-खाली होतं, कारण पाणी पुढे जात नाही, हेलकावा जातो. काही लाटा लांब, काही आखूड. उजेडाच्या लाटा इतक्या आखूड की मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर लाल लाटेला त्यातले सात लागतात, जांभळीला चार. माणसाच्या डोळ्यात त्या टिपणारे तीन जातींचे कण असतात, आमच्या कोमुझ या वाद्याला तीन तारा असतात तसे. त्याच्या डोळ्यात लांब लाटांची तार नव्हती. बाकीच्या जगाला जिथे लाल भडक दिसतं, तिथे त्याला काळपट, विझलेलं काहीतरी दिसे. शहाण्या माणसाने हे समजल्यावर हलकं व्हायला हवं होतं. शार्शेनबेक भौतिकशास्त्राचा शिक्षक झाला आणि जास्तच घाबरला. सुकाणू धरणाऱ्याचं समजण्यासारखं होतं. पण ज्याने रंग शिकवायचे त्यालाच रंग दिसत नाहीत, हे कोण ऐकून घेईल?

नोकरीच्या पहिल्या वर्षी तो अजून स्वतः सांगत असे. त्याने भिंतीवरच्या पट्ट्याजवळ खडूने रेघ मारली. "इथे लाल संपला. पुढे काही नाही."

"अगाय," पहिल्या बाकावरची चौदा वर्षांची बुरुल उठली. आमच्याकडे गुरुजींना अगाय म्हणतात. "लाल अजून पुढे आहे. इथपर्यंत." आणि तिने जाऊन त्याच्या रेघेच्या वीतभर पलीकडे तळवा टेकवला.

शार्शेनबेकला तिथे नुसती अंधारी भिंत दिसत होती. "बुरुल, तुझा हात भिंतीवर आहे. ज्याला कोऱ्या भिंतीवर लाल दिसतो त्याने डोळे दाखवून घ्यावेत."

वर्ग खदखदून हसला. लाल सगळ्यांनाच दिसत होता. पण अगाय बोलले की त्याविरुद्ध बोलायची आमच्यात रीत नाही, हसायची आहे. बुरुल खाली बसली. संध्याकाळी ओमुरझाकला हे सांगितलं तेव्हा तो बोटीची दोरी गुंडाळता गुंडाळता थांबला. "पोरगी बरोबर होती रे. तुझ्यासाठी तो पट्टा तोकडाच असणार." शार्शेनबेकने दुसऱ्या दिवसापासून रंग सांगायचं सोडलं. बुरुलला मात्र काहीच सांगितलं नाही.

ही झाली चोवीस वर्षांपूर्वीची गोष्ट.

चौऱ्याऐंशी सालच्या ऑक्टोबरच्या शेवटी, बोट धक्क्याला बांधत असतानाच ओमुरझाक खाली बसला, आणि उठला नाही. एकोणपन्नास वर्षांचा माणूस. दुपारपर्यंत अंगणात मयताचा तंबू उभा राहिला. आत त्याची बायको कालिपा भिंतीकडे तोंड करून शोकाचं गाणं म्हणू लागली. त्यांचा एकुलता मुलगा झेनिश एकोणीस वर्षांचा, फौजेत, अफगाण सीमेच्या पलीकडे. त्याला तार गेली होती, पण तो इतक्यात पोचणं शक्य नव्हतं. बायका चुलीपाशी कणकेचे बोरसोक तळत होत्या. पांढऱ्या दाढीचा तुर्दुमामबेत आबा काठी टेकून एकेकाला कामं वाटत होता.

"शार्शे, निशाण तू बांध. त्याच्या जिवाचा तू. कापड दुकानातून आण."

मयताच्या घरावर निशाण लावायची आमची जुनी चाल. तरुण गेला तर लाल, मधल्या वयाचा गेला तर काळं, म्हातारा गेला तर पांढरं. दूरच्या गावांहून घोड्यांवर येणाऱ्यांना ते वळणावरूनच दिसतं, आणि कुणाला काय म्हणून रडायचं ते त्यांना कळतं.

गावचं सहकारी दुकान बुरुल सांभाळत होती. आता अडतिसाची, तिची मुलगी चिनारा शार्शेनबेकच्याच वर्गात. बुरुल चुलीपाशी पिठाच्या हातांनी बसली होती. तिने कोपराने खिशाकडे खूण केली. "किल्ली घ्या, अगाय. खालच्या फळीवर डावीकडे काळं सॅटिन आहे. उजवीकडे लाल आहे, नोव्हेंबरच्या क्रांतिदिनाच्या मिरवणुकीच्या झेंड्यांसाठी आलंय, त्याला हात लावू नका, मोजून दिलंय पक्षाने."

दुकानात शार्शेनबेक फळीपुढे उभा राहिला. दोन गठ्ठे. दोन्ही त्याच्या डोळ्यांना सारखेच काळे. डावीकडचा घ्यायचा, सोपं होतं. हात पुढे गेला आणि थांबला. डावीकडे म्हणजे कुणाच्या? बुरुल तर दिवसभर गिऱ्हाइकाकडे तोंड आणि फळीकडे पाठ करून उभी असते. तिचं डावं म्हणजे त्याचं उजवं. तो गोंधळला. त्याने दोन्ही गठ्ठे दाराशी नेले, उजेडात धरले, चुरगळले, वास घेतला. पन्नास पावलांवर विहिरीशी एक बाई पाणी शेंदत होती. "बाई, जरा बघ गं, यातलं काळं कुठलं?" एवढं विचारायचं होतं. मंडळी, माणसाचं आयुष्य कधीकधी इतक्या लहान वाक्यावर येऊन थांबतं, आणि ते वाक्य घशातून बाहेर येत नाही. बाई घडा उचलून निघून गेली. शार्शेनबेकने गिऱ्हाइकाचं डावं धरलं नाही, बुरुलचं डावं धरलं.

तो परतला तेव्हा दिवस डोंगराआड गेला होता. त्याने स्वतः कापड फाडलं, स्वतः काठीला बांधलं, काठी तंबूशी उभी केली. आबाने मान वर करून पाहिलं आणि म्हणाला, "बरं झालं."

कुणालाच काही दिसलं नाही, कारण तिन्हीसांजेला लाल सगळ्यांनाच काळा दिसतो. उजेड ओसरला की डोळ्यातले रंग टिपणारे कण आधी झोपतात, आणि त्यातही लाल सगळ्यात लवकर विझतो. हे तो दरवर्षी शिकवत होता. त्या घटकाभरात सगळं गाव शार्शेनबेकच्या डोळ्यांनी बघत होतं.

सकाळी सरोवरावरून सान्ताश वारा सुटला, ऊन आलं आणि निशाण फडफडलं. पहाटेपासून अंगणातले लोक खाली मान घालून कामात होते. मग खिंडीच्या वळणावर धूळ उठली. ओमुरझाकच्या आजोळचे लोक, तीसेक घोडेस्वार. रीतीप्रमाणे ते शेवटच्या वळणापासून दौड घालत, मोठ्याने रडत येणार होते. तसेच आले. पण रडत होते ते असं:

"अरे माझ्या शिंगरा! अरे कोवळ्या! न फुललेल्या फांदी रे!"

तंबूतलं गाणं तुटलं. कालिपा डोक्यावरचं कापड सोडून बाहेर धावली. "कुणाला म्हणतात? कुणाचं नाव घेतात?" तिने वर पाहिलं. "लाल आहे! हे लाल आहे! झेनिश! माझ्यापासून लपवलंत! दोघे गेले!"

बायकांनी तिला धरलं. ती सुटली. पाहुण्यांतला एक म्हातारा घोड्यावरच गोंधळून विचारत राहिला, "मग पोरगा नाही गेला? वळणावरून लाल दिसलं म्हणून आम्ही…" सगळ्यांनी शपथा घातल्या, झेनिशला पाठवलेल्या तारेची पावती दाखवली, हात जोडले. ती एकच म्हणत होती, "मग लाल का लावलं? लावणाऱ्याला काही माहीत होतं म्हणूनच लावलं ना?"

तुर्दुमामबेत आबाने काठी आपटली. "कापड कुठलं?"

शार्शेनबेक समोरच उभा होता. तो म्हणाला, "बुरुलच्या दुकानातलं."

खोटं नव्हतं. नाटकात एखादा नट वाक्य म्हणतो आणि पुढच्या वाक्याची जागा मोकळी ठेवतो. ती जागा तिथे होती. सगळं अंगण त्या जागेत उभं होतं. पुढचं वाक्य त्याचंच होतं: पण गठ्ठा मी उचलला. त्याने ते घेतलं नाही. बुरुल पिठाचे हात पुढे धरून आली, निशाणाकडे बघितलं, मग त्याच्याकडे. आणि ती म्हणाली, "माझ्याकडूनच गठ्ठे इकडचे तिकडे झाले असतील, आबा. माझे डोळे… मला लहानपणापासूनच…"

"लाल-काळं कळेना आणि दुकान चालवतेय!" चुलीपाशी कुणी म्हणालं.

"डोळे असून आंधळी. त्या माउलीला दोन मयतांचं रडायला लावलंस गं."

निशाण बदललं. कालिपाचा विश्वास मात्र बसला नाही. तेविसाव्या दिवशी झेनिशचं पत्र आलं तोपर्यंत ती दोघांसाठी गात होती.

त्या तेवीस दिवसांत आणि नंतरही झूराकान रोज तोच विषय काढायची, शार्शेनबेक टेबलाशी वह्या तपासत असताना, पाठीमागून.

"सांगून ये."

"शाळा जाईल."

"जाऊ दे. बुरुलचं दुकान गेलं. गल्ल्यावरून काढून तिला पोत्यांच्या कोठारात टाकलंय. मिठाची पोती उचलते ती आता. तुला माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मी सांगू?"

"नको."

"मग काय करणार आहेस? खाचा पाडणार आहेस तिच्या कपाळावर?"

तो पुढची वही ओढायचा. वह्यांवर लाल पेनाने खुणा करायच्या असत; पेन कुठलं ते झूराकान काढून देत असे. त्या दिवसांत तिने ते देणं बंद केलं. त्याने निळ्याने खुणा केल्या.

वर्गातही त्याला ऐकू येत होतं. एका पोराने चिनाराला डिवचलं, "ए, आईला विचारून ये ना, फळा कुठल्या रंगाचा?" चार जण हसले. शार्शेनबेक फळ्याकडेच तोंड करून उभा होता, हातात खडू. त्याला वळता आलं असतं. तो लिहीत राहिला. लिहिता लिहिता त्याला जाणवलं की गेली दोन मिनिटं आपण एकच सूत्र पुन्हा पुन्हा गिरवतोय.

मयताच्या चाळिसाव्या दिवशी घोडा कापला, सगळं गाव जेवायला आलं. सहकारी संस्थेचा अध्यक्ष होता, मुख्याध्यापिका होती. बुरुल बाहेर भांडी घासत होती; तिला आत कुणी बोलावलं नव्हतं. आबाने मयतासाठी प्रार्थना केली, हात चेहऱ्यावरून फिरवले, आणि लोक उठणार तेवढ्यात शार्शेनबेक उभा राहिला. त्याने वाक्य पाठ केलं होतं. आठवलं नाही.

"आबा, ते कापड मी उचललं," तो म्हणाला. "बुरुलने मला नीट सांगितलं होतं. डावीकडचं. मी उजवीकडचं घेतलं."

"गडबडीत होतं रे," आबा म्हणाला.

"गडबड नव्हती. मला लाल दिसत नाही. मला तो काळा दिसतो. जन्मापासून." मग तो बोलत सुटला. "डोळ्यात कोमुझसारख्या तीन तारा असतात. लांब लाटांची, मधल्या लाटांची, आखूड लाटांची. माझी पहिली तार नाही. लाल लाटा माझ्यापर्यंत येतात, पण वाजतच नाहीत. ओमुरझाकला माहीत होतं. तो मला सांगायचा."

आबाने दाढी चोळली. "दोन तारांचा कोमुझ मी पाहिलाय," तो म्हणाला. "वाजतो. त्याला कुणी नावं ठेवत नाही. पण तू तर तुटकी तार शेजारणीच्या गळ्यात अडकवलीस रे."

मुख्याध्यापिका खाली बघत होती. अध्यक्ष खाकरला आणि म्हणाला की बुरुल उद्यापासून गल्ल्यावर येईल. कालिपा पडद्यामागून बाहेर आली. ती शार्शेनबेकवर ओरडली नाही. तिने इतकंच विचारलं, "तेवीस दिवस, शार्शे? तू रोज माझ्या दारावरून शाळेत जात होतास." उत्तरासाठी ती थांबली नाही.

अंगणात बुरुलने सगळं ऐकलं होतं. तो जवळ गेला तरी ती कढई घासत राहिली.

"बुरुल."

"रोज सकाळी नवऱ्याला विचारते मी, अगाय. हे लाल आहे ना? हे हिरवंच ना? आधी हसायचा, आता चिडतो. काल दुधाकडे बघत उभी होते. पांढरं आहे की नाही म्हणून." तिने कढई उलटी केली. "वेड लागलं असतं मला."

"आणखी एक आहे," तो म्हणाला. "तू शाळेत होतीस. भिंतीवर हात ठेवला होतास. लाल तिथपर्यंत होता. तू बरोबर होतीस."

तिने पहिल्यांदा वर पाहिलं. "तेव्हाही?"

"तेव्हाही. त्याच संध्याकाळी मला कळलं होतं."

"मी त्यानंतर लोकरीच्या नमद्यांवरची नक्षी सोडली. आई म्हणायची पोरीचे डोळे कच्चे, रंग जुळवणं हिचं काम नाही. माझ्या लग्नाचे नमदे मावशीने केले." ती हसली, पण ते हसू त्याच्यासाठी नव्हतं. "गावाला सांगितलंत, बरं केलंत. पोरांना कोण सांगणार? माझ्या चिनाराला तुमच्या वर्गात हसतात, तुमच्यासमोर."

सोमवारी शार्शेनबेकने घोंगडं टांगलं नाही, लोलक काढला नाही. भरदिवसा उघड्या खिडकीच्या उजेडात उभा राहून त्याने सांगितलं. दुकानाचं सांगितलं, विहिरीवरच्या बाईचं सांगितलं, अंगणातल्या त्या एका वाक्याचं सांगितलं. फळ्याकडे तोंड करून लिहीत राहिल्याचंही सांगितलं. मुलांना बातमी आधीच कळली होती. तरी ती श्वास रोखून ऐकत होती. मग प्रश्न सुटले.

"अगाय, खसखशीची फुलं तुम्हाला कशी दिसतात?"

"मळकी. चिखल वाळल्यासारखी."

"आणि मिरवणुकीतले झेंडे?"

"काळपट."

"हे बाहेर बोलू नका, अगाय," मागून कुणी म्हणालं, आणि वर्गात हशा पिकला. तोही थोडा हसला.

"मग रंग शिकवता कसे?"

"मोजून. लाल लाटेची लांबी मला पाठ आहे. ती भिंतीवर कुठे पडणार ते मी गणिताने काढून देऊ शकतो. ती मी कधी पाहिली नाही. हे मी पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही मला दाखवली असती, आणि मला लपावं लागलं नसतं."

चिनारा उभी राहिली. "विचारू?"

"विचार."

"आबांनी कापड कुठलं म्हणून विचारलं, तेव्हा आईचा चेहरा लाल झाला होता. कानांपर्यंत. मी बघितलं. बायका म्हणाल्या, बघा, चोर पकडला गेला. तुम्ही समोर होता." तिने त्याच्याकडेच बघत विचारलं, "तो लाल तुम्हाला दिसला होता?"

"नाही," तो म्हणाला. "चेहऱ्यावरचा लाल मला दिसत नाही. कुणाच्याच."

वर्ग सैल झाला. दोन-चार मुलांनी एकमेकांकडे बघून मानाही हलवल्या: म्हणजे अगायना कळलंच नव्हतं. ही सुटका त्याच्यापुढे कुणी आयती आणून ठेवली होती. चिनारा उभीच होती.

"पण तिला काय होतंय ते मला कळत होतं," शार्शेनबेक म्हणाला. "त्याला डोळे लागत नाहीत. मला सगळं कळत होतं आणि मी गप्प बसलो."

चिनारा बसली.

"अगाय," पहिल्या बाकावरून कुणी हळूच म्हणालं, "आता तुम्ही लाल झालात."

त्याने गालाला हात लावला. गाल तापला होता. "कुठपर्यंत?"

"मानेपासून. कपाळापर्यंत."

"बरं," तो म्हणाला. त्याने वळून खडू उचलला. "लिहून घ्या. लाजेने चेहरा लाल का दिसतो. कातडीखालच्या बारीक नळ्या रुंदावतात, रक्त वाढतं. उन्हाचा पांढरा उजेड चेहऱ्यावर पडतो, त्यात सगळ्या लाटा असतात. रक्त आखूड आणि मधल्या लाटा गिळतं. लांब लाटा परत पाठवतं. त्या समोरच्याच्या डोळ्यात जातात. ज्याच्या चेहऱ्यावर त्या उमटतात त्याला त्या दिसत नाहीत, त्याला फक्त ऊब लागते."

पेनं कुरकुरू लागली. चिनाराची वही बंद होती. त्याने ती पाहिली. तिला उघडायला सांगितलं नाही, आणि पुढचं वाक्य जरा हळू सांगितलं.